वाटेची जोखीम आणि वस्तीचा शेरा

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या परिचयातील एक तरुण सराफ आमच्याकडे येऊन बसला. त्याच्या वडिलांचे दुकान सौंसरला आहे. आता दुसरे दुकान घालावयाचे, ते पांढुर्ण्याच्या बाजारात घालावे की सौंसरकडेच बोरगावच्या कारखान्यांच्या वाटेवर, या विवंचनेत तो होता. दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यांच्या हद्दीतील मागील काही वर्षांच्या चोऱ्या, घरफोड्या आणि लुटीचे आकडे त्याने कोठून तरी मिळविले होते. "काकाजी, तुम्ही तं सरकारात राहिले, तुम्हाले समजते. यातलं कमी जोखमीचं ठिकाण कोणतं, तेवढं सांगून द्या," असे म्हणून त्याने ते कागद आमच्यापुढे ठेवले. मोठ्या शहरांत बँका आणि मोठी दुकाने जागा घेण्यापूर्वी त्या जागेला गुन्ह्यांच्या जोखमीचे गुण लावून घेतात, हेही त्याच्या कानावर आले होते.

त्या कागदांत कोणत्या गावाचा आकडा मोठा होता, ते येथे आम्ही मुद्दामच लिहीत नाही. का लिहीत नाही, ते पुढे ओघाने येईल. त्या दिवशी आम्ही त्याला चहा पाजून परत पाठविले आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली. सरकारी माणसाची सवय, दुसरे काय! परंतु त्या आठ दिवसांत कपाटातील जुनी पुस्तके चाळताना असे दिसून आले की, हा प्रश्न आपल्या या मुलखात निदान दोनशे वर्षे विचारला जात आहे, आणि त्याची उत्तरे देणारे दोन निरनिराळे पंथ होऊन गेले आहेत. एक सावकारांचा आणि दुसरा सरकारचा.

सावकारांचा पंथ अर्थातच जुना. औरंगजेबाच्या कारकिर्दीत, १६९५ च्या सुमारास, सुजान राय भंडारी याने लिहिलेल्या 'खुलासत-उत-तवारीख' या फार्सी ग्रंथात हुंडी आणि विमा या दोन्ही व्यवहारांचा उल्लेख आहे. ठराविक मोबदला घेऊन दुसऱ्याचा माल किंवा रोकड मुक्कामी सुखरूप पोचविण्याची हमी सावकार घेत असत. 'बीम' म्हणजे फार्सीत भय. त्यावरून 'बिमा' आणि त्यावरून आपला 'विमा'. जोखमी हुंडी हा याच घराण्यातील एक प्रकार. माल पोचला तरच ती हुंडी पटायची. वाटेत माल गेला तर हुंडी विकत घेणारा बुडायचा. म्हणून तो ती विकत घेताना वाटेवरील भय मोजून तेवढी सूट कापून घेई. आजच्या भाषेत बोलायचे तर रस्त्यावरील गुन्ह्याच्या जोखमीचा निर्देशांकच तो. फक्त त्याला हे भारदस्त नाव नव्हते.

या हिशेबाचे दोन गुण आमच्या मनात भरले. पहिला असा की तो वाटेचा आणि हंगामाचा होता. दर चढला तर तो अमुक घाटाचा, अमुक महिन्याचा चढे. घाट मोकळा झाला की पुढल्या खेपेस तो उतरे. दुसरा गुण असा की ज्याने अंदाज चुकविला त्याच्याच थैलीला भोक पडे, त्यामुळे उगाच भय वाढवून सांगण्यात वा लपविण्यात कोणालाच फार काळ लाभ नव्हता. सर जॉन माल्कम याने १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहिला. १८२३ साली छापल्या गेलेल्या मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात त्याने विम्याच्या दरांची आवर्जून दखल घेतली आहे. पेंढाऱ्यांचे पारिपत्य झाल्यावर हे दर उतरले, आणि मुलूख शांत झाल्याची खूण म्हणून त्याने ते नोंदले. फौजेच्या अहवालापेक्षा सावकाराचा दर त्याला अधिक बोलका वाटला असावा, आम्हालाही वाटतो.

पांढुर्णा आणि सौंसर यांच्या भूगोलातच ही जोखीम मुरलेली होती. उत्तरेस सातपुड्याचे पठार, तिकडे छिंदवाडा आणि गोंड राजांचा देवगड. दक्षिणेस घाट उतरला की नागपूरचे कपाशीचे सपाट रान. दोन मुलखांमधील मालाची ये-जा या घाटवाटांनी. लोधीखेडा, मोहगाव, सौंसर, पांढुर्णा ही बाजाराची गावे या उतारावर वसली ती त्यामुळेच. आणि लुटारूंनाही नेमके हेच सोयीचे. भोसल्यांच्या उतरत्या काळात पेंढाऱ्यांचा उपद्रव एवढा वाढला की १८११ साली ते थेट नागपूरपर्यंत येऊन शहराबाहेरील वस्ती जाळून गेले. आपल्या भागात गावोगावी मातीच्या गढ्यांचे जे अवशेष दिसतात, त्यांतील बऱ्याच त्या धामधुमीच्या काळातील. पेंढारी आल्याची हूल उठली की गावकऱ्यांनी गुरे आणि धान्य घेऊन आत शिरावयाचे. लहानपणी आम्ही अशाच एका ढासळलेल्या गढीवर चढून पतंग उडवीत असू. ती भिंत कोणाच्या भीतीने बांधली होती, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आता दुसऱ्या पंथाकडे वळू. त्याचा आद्य पुरुष म्हणजे विल्यम स्लीमन. ठगांच्या बंदोबस्तामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु त्याच्या आयुष्यातील जो प्रसंग आमच्या विषयास सर्वांत उपयोगी, तो त्याच्या फजितीचा आहे, आणि त्याने तो स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवला आहे. १८२२ ते १८२४ ही तीन वर्षे तो नरसिंहपूरचा मुलकी अधिकारी होता. नरसिंहपूर म्हणजे छिंदवाड्याच्या उत्तरेचा शेजारी जिल्हा. आपल्या जिल्ह्यात साधी चोरीसुद्धा आपल्याला कळल्यावाचून राहत नाही, असा त्याला भरवसा होता. दप्तर स्वच्छ, गुन्हे थोडे, साहेब समाधानी. पुढे काही वर्षांनी पकडलेल्या ठगांच्या जबान्या घेताना त्याला समजले की, त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्याही आत, कंदेली या गावी, खुनाचा धंदा करणारी टोळी राहत होती; आणि एका मुक्कामावर असलेली मंडेसूर गावची आमराई ही ठगांच्या देशातील फार मोठ्या 'बेलां'पैकी एक होती. बेल म्हणजे प्रवाशांना मारून पुरण्याची ठरलेली जागा. हे त्या वेळी कोणी आपल्याला सांगितले असते तर आपण त्याला वेडा ठरविला असता, असे स्लीमन म्हणतो.

हे कसे घडले, ते पाहण्याजोगे आहे. ठग आपल्या गावात चोरी करीत नसत. तेथे ते सभ्य शेतकरी. मारला जाई तो परमुलखातील प्रवासी, आणि तो मागे कोणी ठेवीत नसे. फिर्याद देणाराच जिवंत नाही, तर नोंद कोण करणार? घरचे लोक शेकडो कोसांवर वाट पाहत बसत आणि वाघाने नेला असेल, पटकीने गेला असेल, अशी समजूत घालून घेत. म्हणजे जेथे जोखीम सर्वांत मोठी तेथेच वहीत शून्य. आमच्या सराफ मित्राने आणलेल्या कागदांवर आम्हाला आधी हे कंदेलीचे शून्य दिसू लागले.

स्लीमनने मग जे केले ते खरोखर अपूर्व होते. पकडलेल्या ठगांना माफीचे साक्षीदार करून त्याने जबान्यांचा डोंगर उभा केला, ठगांच्या कुळांच्या वंशावळी तयार केल्या, त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश केला. तो कोश असलेले 'रामसीआना' हे पुस्तक १८३६ साली कलकत्त्यास छापले गेले. त्याच वर्षी ठगीचा खास कायदा झाला. ठगीच्या कागदपत्रांतील अवधचा नकाशा विशेष सांगण्यासारखा आहे. सुमारे चौदाशे मैलांच्या रस्त्यांवर २७४ बेलांच्या जागा त्यात दाखविल्या आहेत. म्हणजे सरासरीने दर पाच मैलांस एक. व्यापारी वाटेवरील गुन्ह्याच्या जागा मोजून नकाशावर मांडण्याचा एवढा मोठा खटाटोप आपल्या देशात त्यापूर्वी झालेला आम्हाला ठाऊक नाही. त्या साक्षींपैकी किती खऱ्या आणि किती जीव वाचविण्यासाठी रचलेल्या, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. तो वाद रास्तच आहे. फाशीच्या दोराखाली उभ्या असलेल्या माणसाकडून घेतलेली माहिती हीही शेवटी माहितीच. पण ती कोणी, कशासाठी दिली, हे विसरून चालणार नाही.

याच काळातील आपल्या वऱ्हाडची एक हकिकत मोठी गमतीची आहे. अमरावतीचे धनराज शेठ हे बडे सावकार. त्यांचा खजिना वाटेत ठगांनी मारला. शेठजींनी सरकारदरबारी खेटे घालण्याऐवजी आपला गुमास्ता कामाला लावला आणि ठगांच्या पुढाऱ्यांशीच संधान बांधून लूट परत मिळविण्याचा मार्ग धरला. स्लीमनला हे मुळीच रुचले नाही; आणि एका अर्थी त्याचे बरोबर होते, कारण सावकाराशी तडजोड करून सुटलेला ठग पुन्हा दुसऱ्या कोणाच्या गळ्यात रुमाल टाकणारच. परंतु शेठजींच्या गुमास्त्याला कोणता खजिना कोणी मारला, हे साहेबांच्या आधी कळत होते, हेही तितकेच खरे. धंद्याची माहिती धंद्यातून मिळते, दप्तरातून नव्हे.

१८६१ साली दोन गोष्टी घडल्या. नागपूरचा जुना मुलूख आणि सागर-नर्मदेचा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत निर्माण झाला आणि पोलिसांचा कायदा झाला. पांढुर्णा त्या वेळी सौंसर तहसिलीत. येथून पुढे गुन्ह्याची मोजणी ही ठाण्याची नित्याची बाब झाली. या मोजणीचा पाया मात्र ठाण्यात नव्हता. तो गावातल्या कोटवाराच्या काठीवर उभा होता. महाराष्ट्रातील वाचकांना कोटवार म्हणजे काय ते सांगावे लागेल. मध्य प्रांतातील गावचा पहारेकरी तो कोटवार. गावात जन्म-मृत्यू झाला, परका माणूस मुक्कामास आला, चोरी झाली, विहिरीत प्रेत सापडले, तर ठाण्यात जाऊन सांगण्याचे काम त्याचे. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत त्याच्यासाठी २३० वे कलम राखलेले आहे. आमच्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत लिहिता न येणारे कोटवारही आम्ही पाहिले. ते आठवड्याची बातमी तोंडी आणीत आणि ठाण्यातील मोहर्रिर ती वहीत उतरवून घेई. कोटवाराची सेवाभूमी पाटलाच्या शेताला लागून असेल तर पाटलाच्या घरातील मारामारी वहीत कितपत उतरेल, हे वाचकांनीच ताडावे.

गावावार गुन्ह्यांची वही, वाईट चालीच्या लोकांची यादी, निगराणीचे कागद, हे सारे या व्यवस्थेत हळूहळू वाढत गेले. १९०२-०३ चा पोलीस आयोग ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते सर अँड्र्यू फ्रेझर आपल्या मध्य प्रांताचेच चीफ कमिशनर राहिलेले. त्या आयोगाने पोलिसांवर जे कडक ताशेरे ओढले, त्यांत एक असा होता की, अंमलदाराची लायकी आकड्यांवरून ठरविल्यामुळे आकडे सुधारण्यासाठी गुन्हे नोंदविणेच टाळले जाते. शंभराहून अधिक वर्षे लोटली; आमच्या सेवाकाळात जिल्ह्याच्या बैठकीत मागील वर्षीच्या याच महिन्याशी तुलना करणारा तक्ता पडद्यावर दिसू लागला की आम्हाला फ्रेझरसाहेबांची हटकून आठवण होई. मध्य प्रदेशातील ठाण्यांत 'अदम चेक' नावाची एक वही असते. दखलपात्र नसलेल्या तक्रारी तीत जातात, आणि जे अदम चेकमध्ये गेले ते गुन्ह्यांच्या आकड्यात येत नाही. दुकानदाराच्या गल्ल्यावर हात मारून पळालेल्या पोराची तक्रार एका ठाण्यात कायम होते, दुसऱ्यात समजुतीने मिटते. ज्या ठाण्यात ती कायम होते, ते ठाणे कागदावर अधिक जोखमीचे!

कायद्याच्या व्याख्याही अशाच खोड्या करतात. लुटारू चार असतील तर लूट, पाच झाले की डाका. लुटीत माणूस मारला गेला तर देशाच्या गणतीत तो गुन्हा खुनाखाली मोजला जातो, कारण एका प्रकरणातील सर्वांत गंभीर गुन्हाच काय तो धरावयाचा, असा राष्ट्रीय अपराध नोंद कार्यालयाचा नियम आहे. दुकानदार लुटीचे आकडे मागतो, तेव्हा सर्वांत भयंकर लूट नेमकी त्यातून वगळली गेलेली असते. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि हिसकावून नेणे हा निराळा गुन्हा झाला. म्हणजे पुढल्या आकड्यांची मागल्यांशी तुलना करताना तेथेही एक सांधा आहे.

येथवर केवळ मोजणीतील दोष झाले. ते सुधारता येतात. ज्यासाठी हा लेख लिहिण्यास बसलो, तो दोष निराळा आहे. सावकाराने भय वाटेला चिकटविले होते. सरकारने ते माणसांना चिकटविले. ठगांच्या वंशावळी काढताना स्लीमनच्या मनात जी कल्पना रुजली, की गुन्हा हा कुळात वाहतो, तीच पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात उतरली. आधी उत्तरेकडील प्रांतांस लागू असलेला हा कायदा १९११ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येण्याजोगा केला गेला. जमात एकदा अधिसूचित झाली की तिच्या माणसांनी नोंद करावी, हजेरी द्यावी, परवान्याशिवाय ठरल्या जागेबाहेर जाऊ नये. जन्मलेल्या मुलाची जोखीम त्याने रांगण्यापूर्वीच ठरलेली. मध्य प्रांतातील जातिजमातींवर आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड १९१६ साली निघाले. विद्वत्तेचे काम आहे, आम्ही ते आदराने वाचतो. पण एखाद्या जमातीच्या लग्नविधींशेजारीच तिच्या चोरीच्या रीतीही जातिस्वभाव म्हणून नोंदलेल्या पाहिल्या की मन खट्टू होते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' ठरल्या. विम्याचा दर मात्र पेंढारी गेल्यावर दोन-चार हंगामांत उतरला होता. या माणसांवरील दर अजून उतरलेला नाही.

दूरचे उदाहरण नको. पांढुर्ण्याहून बैतूलच्या रस्त्याने निघाले की मुलताई लागते. त्या तालुक्यातील चौथिया गावी सप्टेंबर २००७ मध्ये पारध्यांची वस्ती जाळून उद्ध्वस्त करण्यात आली. शेजारच्या गावात एका स्त्रीवर झालेल्या अत्याचाराचा व खुनाचा संशय त्या वस्तीवर गेला होता. संशय काही जणांवर आणि शिक्षा साऱ्या वस्तीला. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. या पारध्यांच्या कागदी नशिबाची आणखी एक तऱ्हा: छिंदवाडा जिल्ह्यात ते अनुसूचित जमातीच्या यादीत, बैतूल आणि भैंसदेही तहसिलीत यादीत, आणि मुलताई तहसिलीत यादीबाहेर. सवलत देताना तहसिलीची सीमा पाहिली जाते. संशय घेताना मात्र कोणीही सीमा पाहत नाही.

आणि आम्ही? आमचे हातही कोरडे नाहीत. नोकरीच्या मधल्या वर्षांत एका कस्ब्यात आम्ही असताना बाजारातील ओट्यांचा लिलाव झाला. एका पारधी तरुणाची बोली सर्वांत वरची निघाली. भांडी आणि लोखंडी सामान विकावयाचे त्याच्या मनात होते. नियमाप्रमाणे ठाण्याचा अहवाल मागविला. तो आला: अर्जदाराविरुद्ध कोणतीही नोंद नाही, वस्ती संवेदनशील. एवढेच शब्द. आम्ही खाली 'सहमत' असा शेरा मारून सही केली आणि ओटा दुसऱ्या बोलीवाल्यास गेला. तो तरुण दोन दिवसांनी कचेरीत आला. "साहेब, माझ्या नावावर काय हाय?" आम्ही म्हणालो, काही नाही. "मंग?" या एका शब्दाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. ती वस्ती 'संवेदनशील' का, ते आम्ही पुढे शोधले. आम्ही जन्मण्यापूर्वीच्या एका यादीवरून पुढल्या यादीत, तिच्यावरून तिच्या पुढल्या यादीत तो शब्द उतरत आला होता. मधल्या काळात तेथे कोणता गुन्हा घडला, याची टीप कोठेच नव्हती.

स्लीमन ठगांच्या जबान्या घेत होता त्याच सुमारास, १८३३ साली, फ्रान्समध्ये आंद्रे-मिशेल गेरी नावाच्या वकिलाने गुन्ह्यांचे जिल्हावार नकाशे प्रसिद्ध केले. अडाणी, दरिद्री भागात चोऱ्या अधिक असणार, असा सर्वांचा समज. नकाशात दिसले उलटेच. मालमत्तेचे गुन्हे श्रीमंत, शिकलेल्या उत्तर भागात अधिक निघाले. चोरण्यासारखे जेथे आहे तेथे चोर जाणार, ही आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट आकड्यांनी सिद्ध व्हावयास वकील लागला. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराचा १९८९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आमच्या सराफाने जरूर ऐकावा असा आहे. पोलिसांना आलेल्या बोलावण्यांपैकी निम्मी बोलावणी शहरातील केवळ तीन टक्के पत्त्यांवरून आली होती. म्हणजे जोखीम गावाची नसते, मोहल्ल्याचीही नसते. ती एखाद्या कोपऱ्याची, एखाद्या दाराची असते. तिकडे पुढे यंत्राला मागील आकडे शिकवून उद्याचा गुन्हा कोठे घडेल, ते वदवून घेण्याचेही प्रयोग झाले. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी असा एक प्रयोग बऱ्याच टीकेनंतर, खर्चाचे कारण देऊन, २०२० साली बंद केला. ज्या वस्तीत गस्त अधिक तेथे नोंद अधिक, नोंद अधिक म्हणून पुन्हा गस्त अधिक, असा तो रहाट होता, असे टीकाकारांचे म्हणणे. आपल्याकडील ठाणी संगणकाने जोडण्याच्या योजनेस २००९ साली केंद्राने मंजुरी दिली आणि आता कागदी वह्यांतील मजकूर यंत्रात गेला आहे. 'संवेदनशील' हा शब्द यंत्रात गेला, तर तो तेथे कधी झिजणारही नाही.

आठ दिवसांनी सराफ आला, तेव्हा आम्ही त्याला एवढा इतिहास सांगितला नाही. व्यवहाराचे तेवढे सांगितले. पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून निघून ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. तेव्हा जिल्ह्याच्या आकड्याला अजून भूतकाळच नाही. बोरगावकडे राहणारे थोडे आणि कामास येणारे फार. दर लाख वस्तीमागे गुन्हे मोजले तर तो भाग भयंकर दिसेल, ते खरे मानू नये. मोटारसायकलची चोरी विम्यासाठी हमखास नोंदली जाते, पाकीट मारल्याची क्वचितच. पांढुर्ण्यात चोरलेला माल वरूड-नरखेडकडे आणि सौंसरचा सावनेरकडे गेला तर तो दुसऱ्या राज्याच्या वहीत जातो. दोन वह्या एकमेकींस भेटत नाहीत. आंबिया बहाराची संत्री निघाली की बागायतदाराच्या हाती रोकड असते आणि मृग बहाराला माघ-फाल्गुनात पुन्हा. सराफाची जोखीम त्या महिन्यांची, बारा महिन्यांची नव्हे. पोळ्याच्या पाडव्याला जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. वर्षातील सर्वांत अधिक डोकी त्या दिवशी फुटतात, आणि त्यांची गणती बहुतांशी इस्पितळाच्या वहीत होते, गुन्ह्यांच्या वहीत नव्हे.

मग त्याला सांगितले, "दोन्ही जागी महिनाभर, आठवडी बाजाराच्या संध्याकाळी, सात ते नऊ जाऊन बस. शेजारचे दुकान कधी मिटते, दिवा कोणत्या खांबावर नाही, दारूचे दुकान किती पावलांवर आहे, मोटारसायकल कोणत्या बोळातून निसटेल, हे लिहून काढ. तुझ्या काळाचा गुमास्ता तूच."

त्याने ते खरेच केले. महिन्याने वही घेऊन आला. वहीत खांबांचे नंबर, दुकानांच्या बंद होण्याच्या वेळा, एका बोळाचा हाताने काढलेला नकाशासुद्धा होता. त्याने पांढुर्ण्यातीलच जागा निवडली, पण ठरविलेल्या ओळीतील नव्हे. समोरच्या बाजूची, औषधाच्या दुकानाला लागून असलेली, कारण ते रात्री उशिरापर्यंत उघडे असते. आम्हाला समाधान वाटले. उठता उठता तो म्हणाला, "काकाजी, चौकीदारासाठी एक जण येऊन गेला. माणूस बरा वाटते. पण बाबा म्हणते, त्या वस्तीतला नको."

आम्ही त्याला पुन्हा बसविले आणि ओट्याच्या लिलावाची हकिकत सांगितली, आमच्या सहीसकट. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाबाले कसं सांगू?"

दुकान अक्षय्य तृतीयेला उघडावयाचे आहे. चौकीदाराचे अजून ठरलेले नाही.